ॲस्परॅगसचा वाफा

ॲस्परॅगसचा वाफा म्हणजे ॲस्परॅगस (शास्त्रीय नाव: ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस) या बहुवर्षायू भाजीसाठी कायम राखून ठेवलेली आणि लागवडीपूर्वी खोलवर मशागत केलेली जमीन होय. मेथी, मुळा किंवा टोमॅटो यांचा वाफा दर हंगामाला नव्याने खणता येतो. ॲस्परॅगसचा वाफा मात्र एकदाच तयार केला जातो आणि तो चांगला साधला तर पंधरा ते वीस वर्षे दर वसंत ऋतूत कोंब देत राहतो. या संपूर्ण काळात मुळांखालची माती पुन्हा उलथता येत नाही, खालच्या थरात खत घालता येत नाही आणि राहून गेलेले तणाचे मूळ सहजी काढता येत नाही. लागवडीनंतरची पहिली दोन वर्षे काढणीही करायची नसते. त्यामुळे पूर्वतयारीत झालेली चूक लक्षात येईपर्यंत दोन-तीन वर्षे उलटून गेलेली असतात आणि ती सुधारण्याचा मार्ग बहुधा एकच उरतो, तो म्हणजे दुसऱ्या जागी नव्याने सुरुवात करणे.

ही भाजी मूळची युरोप व पश्चिम आशियातील असून तिची लागवड प्रामुख्याने समशीतोष्ण प्रदेशांत विकसित झाली. या लेखातील वर्णन मुख्यतः तेथील परसबागेतील हिरव्या ॲस्परॅगसच्या वाफ्याचे आहे. मराठीत ॲस्परॅगसला पुष्कळदा 'शतावरी' म्हटले जाते. पण सह्याद्रीत आढळणारी व आयुर्वेदात वापरली जाणारी शतावरी (ॲस्परॅगस रेसिमोसस) ही त्याच प्रजातीतील वेगळी जाती आहे. घोटाळा टाळण्यासाठी येथे शतावरी हा शब्द केवळ त्या जातीसाठी वापरला आहे.

वनस्पतीचे स्वरूप

वाफा एवढ्या काळजीने का तयार करावा लागतो, हे झाडाच्या रचनेवरून कळते. जमिनीखाली ॲस्परॅगसचे आडवे मूळखोड असते व त्याला बोटासारखी लांब, मांसल मुळे फुटलेली असतात. मूळखोड व मुळे मिळून जो जुडगा होतो त्याला बागकामात गड्डा म्हणतात. मुळांत अन्नाचा साठा असतो. वसंत ऋतूत माती उबदार झाली की गड्ड्यावरील डोळे फुटून कोंब वर येतात. भाजी म्हणून खाल्ले जातात ते हेच कोंब. न तोडता ठेवलेला कोंब उंच वाढतो, त्याला फांद्या फुटतात आणि त्याचे दीड मीटरपर्यंत उंचीचे, पिसाऱ्यासारखे नाजूक झुडूप होते. या झुडपावर दिसणारी सुईसारखी हिरवी 'पाने' खरी पाने नसून रूपांतरित फांद्या आहेत. खरी पाने म्हणजे कोंबावर दिसणारे बारीक त्रिकोणी खवले.

उन्हाळाभर हा हिरवा पिसारा अन्न तयार करून मुळांत साठवतो आणि पुढील वसंतातील कोंब त्या साठ्यावरच निघतात. कोंब तोडणे म्हणजे या शिलकेतून खर्च करणे होय. शिल्लक जमण्यापूर्वी खर्च सुरू केला तर गड्डा कायमचा दुबळा होतो. पहिली दोन वर्षे काढणी न करण्याचा नियम यातूनच आला आहे.

नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. मादी झाडांना लाल फळे धरतात व त्यांतील बी वाफ्यातच पडून रोपे उगवतात. ही रोपे आपल्याच पिकाची असली तरी वाफ्याच्या दृष्टीने ती तणच ठरतात. फळधारणेवर अन्न खर्च होत नसल्याने नर झाडे अधिक कोंब देतात. यामुळे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाने विकसित केलेले 'जर्सी' मालिकेतील वाण, तसेच नेदरलँड्समधील काही वाण केवळ नर झाडांचे आहेत.

जागेची निवड

वाफ्याला दिवसभर ऊन मिळणारी जागा लागते. मोठ्या झाडांजवळची जागा टाळावी, कारण तेथे सावलीपेक्षाही झाडांच्या मुळांशी होणारी स्पर्धा अधिक नडते. वाढलेला पिसारा शेजारच्या बुटक्या भाज्यांवर सावली धरतो, म्हणून उत्तर गोलार्धात हा वाफा बागेच्या उत्तर कडेला ठेवण्याची पद्धत आहे. कडेच्या जागेचा आणखी एक फायदा असा की, दरवर्षी नांगरट किंवा खणणी करताना हा वाफा मध्ये येत नाही. जोराच्या वाऱ्यात उंच झुडपे हेलकावे खातात आणि त्यांचे बुंधे गड्ड्यापाशी सैल होतात. त्यामुळे थोडा आडोसा असल्यास बरे.

जेथे पूर्वी ॲस्परॅगसचेच पीक होते ती जागा पुन्हा घेऊ नये. अशा मातीत फ्युझेरियम वर्गातील बुरशी अनेक वर्षे टिकून राहते आणि ती मुळे व गड्डा कुजवते. शिवाय जुन्या मुळांतून मातीत मिसळलेली द्रव्ये नव्या ॲस्परॅगसच्या वाढीला अपायकारक ठरतात. जुना वाफा थकला म्हणून तो उपटून त्याच जागी नवा लावणे हा सोयीचा वाटणारा मार्ग म्हणूनच फसवा आहे.

निचरा हा जागेच्या निवडीतील सर्वांत कठोर निकष मानला जातो. ॲस्परॅगस कोरडेपणा बऱ्यापैकी सोसते. साचलेले पाणी मात्र त्याला चालत नाही. निचरा तपासण्याची साधी रीत अशी: सुमारे ३० सेंटिमीटर खोल व तेवढाच रुंद खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. ते पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी किती वेळात उतरते ते पाहावे. काही तासांत पाणी उतरले तर जागा योग्य समजावी. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी असेल तर चर खोदण्याचा विचार सोडून जमिनीच्या पातळीपासून २० ते ३० सेंटिमीटर उंच असा गादीवाफा करावा. चिकण मातीत खोदलेला चर निचऱ्याअभावी पाण्याची टाकीच बनतो आणि गड्डे त्यात बुडून राहतात.

मातीची सुधारणा

खोल, भुसभुशीत, वाळूमिश्रित पोयट्याची जमीन या पिकाला उत्तम. सामू ६.५ ते ७.५ च्या दरम्यान असावा. ६ च्या खाली गेलेल्या आम्लधर्मी जमिनीत झाड खुरटते. आम्लता कमी करण्यासाठी माती परीक्षणानुसार चुना मिसळतात. चुना मातीत सावकाश मुरत असल्याने तो लागवडीच्या आधीच्या शरद ऋतूत टाकणे योग्य. चुना आणि ताजे शेणखत एकाच वेळी घालू नये, कारण त्यामुळे खतातील नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते. दोहोंमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवावे.

मिठाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. ॲस्परॅगस मूळची समुद्रकाठच्या प्रदेशातही वाढणारी वनस्पती असल्याने ती खारेपणा सोसते. जुने युरोपीय माळी याचा फायदा घेऊन तण मारण्यासाठी वाफ्यावर मीठ टाकत असत. मीठ हे ॲस्परॅगसचे खत आहे, असा समजही त्यातून रूढ झाला. प्रत्यक्षात मिठामुळे मातीची कणरचना बिघडते, चिकण माती घट्ट होते आणि पाण्याबरोबर वाहिलेले मीठ शेजारच्या वाफ्यांतील पिकांना मारते. वीस वर्षे एकाच जागी राहणाऱ्या पिकाबाबत हा उपाय महागात पडतो.

तणाचे निर्मूलन

पूर्वतयारीतील सर्वांत वेळखाऊ भाग म्हणजे तणे काढणे. वर्षायू तणे खुरपून काढता येतात, पण जमिनीखाली खोडे पसरवणारी बहुवर्षायू तणे एकदा गड्ड्यांच्या मुळांत शिरली की दोन्ही वेगळी करणे जवळपास अशक्य होते. युरोपात या बाबतीत काउच गवत आणि बाइंडवीड ही वेल कुप्रसिद्ध आहेत. आपल्याकडील हराळी आणि लव्हाळा यांनी ज्यांची बाग एकदा व्यापली आहे, त्यांना यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

यासाठी लागवडीपूर्वी एक पूर्ण हंगाम राखून ठेवावा. जमीन काटेदार फावड्याने उकरून पांढरी खोडे तुकडे न करता सबंध काढावीत, दोन-तीन आठवडे थांबून नवे फुटवे येऊ द्यावेत आणि तेही काढावेत. यंत्राने जमीन कुळवल्यास काम झटपट होते, परंतु खोडांचे बारीक तुकडे होऊन प्रत्येक तुकड्यातून नवे तण उगवते. तण असलेल्या जमिनीत यंत्र न घालणे शहाणपणाचे. श्रम कमी करायचे असल्यास वाढीच्या संपूर्ण हंगामात जागा काळ्या प्लास्टिकने झाकून ठेवतात. प्रकाश न मिळाल्याने बरीचशी तणे मरतात, तरी प्लास्टिक काढल्यावर एकदा हाताने उकरून पाहणे आवश्यक असते.

चर खोदणे

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज बागांत ॲस्परॅगससाठी दोन ते तीन फूट खोल खणून शेणखताचे जाड थर पुरण्याची प्रथा होती. मोठ्या हवेल्यांत माळ्यांची फौज असे, त्यामुळे ती निभावली. नंतरच्या प्रयोगांतून असे दिसून आले की, गड्डे फार खोल लावल्यास कोंब जाड येतात, पण त्यांची संख्या घटते. शिवाय खालची माती उशिरा तापत असल्याने ते उशिरा निघतात. खालच्या थरात मुळे आपली आपण उतरतात. माती तेथे घट्ट नसली म्हणजे पुरे.

परसबागेसाठी पुढील मापे व्यवहार्य आहेत. दोरी बांधून ३० सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर खोल चर घ्यावा. वरची काळसर, सकस माती एका बाजूस आणि खालची फिकट माती दुसऱ्या बाजूस टाकावी. भरताना सकस माती मुळांजवळ जावी हा हेतू. चराचा तळ कुदळीने किंवा काटेदार फावड्याने आणखी वीतभर सैल करावा, परंतु ती माती उचलू नये. तळाशी पूर्ण कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा सुमारे ५ सेंटिमीटरचा थर द्यावा. दहा मीटर लांबीच्या चराला असे साधारण १५० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या दहा बादल्या खत लागते. खत अर्धवट कुजलेले असल्यास त्यात तणाचे बी जिवंत राहते आणि आधीच्या हंगामाचे श्रम वाया जातात.

याच वेळी तळाशी स्फुरदयुक्त खत, उदाहरणार्थ हाडांचे खत किंवा सुपर फॉस्फेट, देतात. नत्र पाण्याबरोबर खाली झिरपते, म्हणून ते पुढे वरून देता येते. स्फुरद मात्र मातीत जेथे पडते तेथेच जवळपास खिळून राहते. मुळांखाली ते पोचवण्याची संधी एकदाच मिळते.

चरांमधील अंतराबाबत एकमत नाही. ब्रिटिश परंपरेत अरुंद वाफ्यात ४५ सेंटिमीटर अंतरावर ओळी घेतात व गड्डे एकाआड एक तिरपे मांडतात. अमेरिकेत १.२ ते १.५ मीटर अंतर सांगितले जाते. जागा असल्यास मोठे अंतर हिताचे, कारण मुळे आडवी लांबवर पसरतात आणि मोकळी हवा खेळल्याने पिसाऱ्यावरील तांबेरा रोगाला आळा बसतो.

चर शक्यतो शरद ऋतूत खोदून हिवाळाभर उघडा ठेवतात. थंडीने ढेकळे फुटतात आणि पावसाचे पाणी चरात साचते का, हेही लागवडीपूर्वीच कळते.

गड्ड्यांची लागवड

बियांपासूनही ॲस्परॅगस वाढवता येते, पण त्यात आणखी एक वर्ष जाते. बहुतेक बागाईतदार रोपवाटिकेतील एक वर्षाचे गड्डे घेतात. दोन-तीन वर्षांचे मोठे गड्डे लवकर उत्पन्न देतील असे वाटते. मात्र उपटताना त्यांची मुळे अधिक तुटतात व ते सावरण्यास वेळ घेतात.

वसंत ऋतूत, इंग्लंडमध्ये मार्च-एप्रिलमध्ये, माती उबदार होऊ लागल्यावर लागवड करतात. चराच्या मध्यावर, खताच्या थरावर, सकस मातीचा पाच-सात सेंटिमीटर उंचीचा बुटका वरंबा घालतात. गड्डा या वरंब्यावर बसवून त्याची मुळे घोडेस्वाराच्या पायांप्रमाणे दोन्ही बाजूंना सोडतात. डोळे वरच्या बाजूस असावेत. मुळे दुमडली किंवा एकाच बाजूला गोळा झाली तर कुजण्याचा धोका असतो. मुळे थेट खताला न टेकता मातीत राहावीत हाही वरंब्याचा उपयोग आहे. दोन गड्ड्यांत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. ४० सेंटिमीटर धरल्यास दहा मीटरच्या चराला २५ गड्डे पुरतात. ही मांसल मुळे उघड्यावर लवकर सुकतात, म्हणून लागवड होईपर्यंत गड्डे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात.

सुरुवातीला गड्ड्यांवर ५ सेंटिमीटर माती लोटून पाणी देतात. कोंब वर येतील तशी माती थोडी थोडी लोटत हंगामाच्या अखेरीस चर जमिनीच्या पातळीला आणतात. हलक्या जमिनीत चर एकदम भरला तरी कोंब वर येतात, असे आढळले आहे. तरीही क्रमाने भरण्यात एक व्यावहारिक लाभ आहे: प्रत्येक वेळी लोटलेल्या मातीखाली नुकतीच उगवलेली बारीक तणे गाडली जातात.

पुढील व्यवस्था

पहिल्या वर्षी व दुसऱ्या वर्षी एकही कोंब तोडत नाहीत. तिसऱ्या वर्षी काही आठवडे हलकी काढणी होते आणि त्यानंतर दरवर्षी सुमारे आठ आठवडे. पिसारा शरद ऋतूत पूर्ण पिवळा पडल्यावरच कापतात. हिरवा कापल्यास मुळांकडे जाणारे अन्न वाया जाते. कापलेल्या वाळक्या काड्या वाफ्यावर पडू देत नाहीत, कारण ॲस्परॅगस भुंगेरा त्यांत हिवाळा काढतो. त्यानंतर वाफ्यावर कंपोस्टचे आच्छादन देतात. वर्षानुवर्षे गड्डा हळूहळू वर सरकतो, त्यामुळे या आच्छादनाचा मातीची भर म्हणूनही उपयोग होतो. वाफ्यात खुरपी उथळ चालवावी आणि ओळींच्या मधूनच चालावे.

इतिहास

ॲस्परॅगसचा वाफा कसा करावा याचे सविस्तर वर्णन इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात केले आहे. जमीन चांगली फोडावी, तुडवली न जाता दोन्ही बाजूंनी खुरपता येईल असे वाफे आखावेत, दोरीने ओळ धरून काठीने भोके पाडावीत व प्रत्येकात दोन-तीन बिया टाकाव्यात, असे तो सांगतो. इतर शेणखतांनी तण माजते म्हणून मेंढ्यांचे खत वापरावे, पहिल्या हिवाळ्यात थंडीपासून रक्षणासाठी गवत पसरावे आणि काढणी तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू करावी, ही त्याची सूचना आजच्या सल्ल्याहून फारशी वेगळी नाही. आठ-नऊ वर्षांनी वाफा जुना झाल्यावर गड्डे काढून मशागत केलेल्या नव्या जागी लावावेत, असेही त्याने लिहिले आहे.

सतराव्या शतकात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्हर्सायच्या भाजीबागेत झां-बातिस्त द ला कँतिनी याने ताज्या शेणखताच्या उष्णतेवर वाफे उबदार ठेवून भर हिवाळ्यात कोंब काढले. जर्मनीत पांढऱ्या ॲस्परॅगसची परंपरा रुजली. या पद्धतीत ओळींवर मातीचे उंच वरंबे चढवतात व कोंब प्रकाशात येण्यापूर्वी मातीच्या आतच कापतात. त्यामुळे ओळींत अधिक अंतर लागते आणि दगडविरहित वालुकामय जमीन हवी, कारण खड्यांमुळे कोंब वाकडे होतात. श्वेट्झिंगेन, श्रोबेनहाउझेन आणि बर्लिनजवळील बीलिट्झ ही गावे यासाठी प्रसिद्ध असून बीलिट्झमध्ये ही लागवड १८६१ मध्ये सुरू झाली. तेथे काढणी परंपरेने २४ जूनला थांबवतात. उरलेला उन्हाळा पिसाऱ्यासाठी सोडलेला असतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रातील परिस्थितीत वरील पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. दोन्ही गोष्टी गड्ड्यांना घातक आहेत. अशा ठिकाणी चराऐवजी गादीवाफा आणि कडेने पाणी वाहून नेणारे चर करणे भाग आहे. नदीकाठची पोयट्याची किंवा निचऱ्याची तांबडी जमीन त्यामानाने सोयीची. तांबडी जमीन आम्लधर्मी असल्यास चुन्याची गरज पडते.

दुसरा प्रश्न विश्रांतीचा. थंड प्रदेशांत हिवाळा झाडाला सुप्तावस्थेत नेतो. उष्ण प्रदेशांत झाड वर्षभर हिरवे राहते व त्याला आपोआप विश्रांती मिळत नाही. पेरूच्या किनारी वाळवंटी भागात पाणी तोडून ही विश्रांती घडवली जाते. तैवान व थायलंडमध्ये प्रत्येक गड्ड्यावर काही काड्या हिरव्या राखून बाकीचे कोंब तोडतात. मोसमी पावसाच्या प्रदेशात पाणी तोडण्याचा काळ पावसाळ्याबाहेरच निवडावा लागतो, म्हणजे वाफ्याला पाणी देण्याची आणि तोडण्याची सोय आधीच आखावी लागते.

शतावरीच्या लागवडीत उद्देशच वेगळा असल्याने वाफाही वेगळा असतो. ही काटेरी वेल असून तिचे कोंब नव्हे, तर झुपक्याने येणारी ग्रंथिल मुळे औषधासाठी काढली जातात. ती खणून काढताना जमीन पुन्हा मोकळी होते. म्हणून शतावरी सरी-वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर लावून वेलींना आधार देतात आणि मुळे काढल्यावर वाफा नव्याने बांधतात.